थंड समुद्राची पहिली सफर: कोणता मोसम निवडावा?

समुद्राला मोसम असतो, हे डहाणू-तलासरीच्या किनाऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. झाईपासून चिंचणी-वरोरपर्यंतच्या वस्त्यांमध्ये जून लागला की होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद राहते आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहिला की नव्या हंगामाची तयारी सुरू होते. महिना चुकला तर काय होते, याचे दुःखही आपल्या किनाऱ्याला ठाऊक आहे. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट भर पावसाळ्यात बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली.

समुद्राकडे पाहण्याची ही समज आता एका नव्या प्रश्नासाठी वापरायची वेळ आली आहे. मराठी पर्यटन कंपन्यांच्या जाहिरातींत अलास्का, नॉर्वे आणि अंटार्क्टिका ही नावे आता नेहमीची झाली आहेत. बोर्डी-घोलवडच्या चिकूच्या वाड्या सांभाळणारे बागायतदार, निवृत्त शिक्षक, मुले अमेरिका-कॅनडात स्थायिक झालेली कुटुंबे अशा घरांतून ‘एकदा बर्फाचा समुद्र पाहू’ असे बोलले जाते. अशा वेळी पहिली चौकशी भाड्याची होते, नंतर जहाजाची, आणि महिना शेवटी जी तारीख मिळेल तो. हा क्रम उलटा आहे. थंड प्रदेशात महिना बदलला की समुद्र, उजेड, प्राणी, पाऊस आणि खर्च सगळेच बदलते. म्हणून आधी काय पाहायचे ते ठरवावे, मग महिना, आणि जहाज सर्वांत शेवटी.

उजेडाचे गणित

डहाणू साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. इथला सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास आणि सर्वांत लहान अकरा तासांच्या आसपास, म्हणजे वर्षभरात फरक जेमतेम सव्वादोन तासांचा. त्यामुळे सहलीचा महिना ठरवताना उजेडाचा विचार आपल्या मनात येतच नाही. आपण फक्त पाऊस आणि ऊन पाहतो. थंड प्रदेशात मात्र पहिला हिशेब उजेडाचा करावा लागतो. अलास्काची राजधानी जुनो ५८ अंशांवर आहे आणि तिथे जूनच्या अखेरच्या दिवसांत अठरा तासांहून अधिक उजेड असतो. नॉर्वेचे ट्रॉम्सो सुमारे ७० अंशांवर, आर्क्टिक वृत्ताच्या बरेच वर. तिथे २० मेच्या सुमारापासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सूर्य मावळत नाही आणि नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत तो क्षितिजावर येत नाही. दक्षिण गोलार्धात याच्या उलट. अंटार्क्टिकाचा उन्हाळा आपल्या डिसेंबर-जानेवारीत येतो.

यातून एक साधा नियम निघतो. डोंगर, हिमनद्या, धबधबे, देवमासे, पेंग्विन पाहायचे असतील तर उजेडाचे महिने हवेत. आकाशातला हिरवा उत्तर प्रकाश पाहायचा असेल तर अंधाराचे महिने हवेत. दोन्ही एकाच सफरीत पुरते मिळत नाहीत. मे-जूनच्या नॉर्वे सफरीत उत्तर प्रकाश शोधणाऱ्याच्या पदरी निराशा येणार, कारण तिथे तेव्हा रात्रच होत नाही.

अलास्का: मे ते सप्टेंबर

थंड प्रदेशातील पहिल्या जहाजसफरीसाठी अलास्काचा दक्षिण-पूर्व भाग सर्वांत सोपा आहे. इथला जलमार्ग बेटांच्या आडून जातो, त्यामुळे पॅसिफिकच्या मोठ्या लाटा बऱ्याच अंशी अडतात. केचिकन, जुनो, स्कॅगवे ही बंदरे आणि ग्लेशियर बे राष्ट्रीय उद्यान हे या मार्गाचे मुख्य टप्पे. मोसम साधारण एप्रिलच्या अखेरीस सुरू होतो आणि ऑक्टोबरच्या आरंभी संपतो, पण त्यातला प्रत्येक महिना वेगळा आहे.

मे महिना तुलनेने कोरडा. डोंगरमाथ्यावर बर्फ भरपूर असते, हवेत गारवा असतो, गर्दी आणि भाडे दोन्ही कमी असतात. मात्र उंचावरच्या काही पायवाटा बर्फामुळे बंद असू शकतात. जून आणि जुलैमध्ये दिवस सर्वांत मोठे असतात. हिवाळा हवाईजवळच्या उबदार पाण्यात काढलेले हंपबॅक देवमासे तोवर खाद्यासाठी इथे पोचलेले असतात. जुनोला जुलैत दुपारचे तापमान १७-१८ अंशांपर्यंत जाते, म्हणजे आपल्याकडच्या थंडीतल्या पहाटेइतके. जुलैच्या मध्यापासून सामन मासे नद्यांत चढू लागतात आणि त्यांच्यामागे अस्वले ओढ्याकाठी येतात. अस्वले पाहणे हाच मुख्य हेतू असेल तर ऑगस्ट चांगला.

सप्टेंबरमध्ये पाऊस वाढतो. जुनोला सप्टेंबरचा पाऊस मेच्या दुपटीहून अधिक असतो, आणि केचिकन तर वर्षभरात साडेतीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणारे गाव. आपण पावसाची माणसे असलो तरी तिथला पाऊस थंड असतो आणि ढग खाली उतरले की हिमनदी दिसतच नाही. भाडे उतरलेले असते, रात्री पुन्हा काळोख्या झालेल्या असतात आणि आकाश मोकळे मिळाले तर उत्तर प्रकाशाचीही शक्यता असते. पण पहिल्याच सफरीत एवढी अनिश्चितता पत्करू नये.

एक व्यावहारिक मुद्दा इथेच सांगायला हवा. व्हँकुव्हरहून निघणारी जहाजे बहुधा बेटांच्या आतून जातात, तर सिएटलहून निघणाऱ्या अनेक जहाजांना व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिमेने उघड्या समुद्रातून जावे लागते. ज्यांना बोट लागण्याची भीती आहे त्यांनी व्हँकुव्हरचा पर्याय आधी पाहावा. दोन्ही मार्गांसाठी अमेरिकेच्या व्हिसाबरोबर कॅनडाच्या व्हिसाचीही चौकशी करावी, कारण सिएटलची जहाजेही बहुधा कॅनडातल्या व्हिक्टोरियासारख्या बंदराला थांबतात.

नॉर्वे: उन्हाळ्याची आणि हिवाळ्याची

नॉर्वेच्या किनाऱ्याने बाराही महिने जहाजे चालतात. आज बर्गन ते किर्कनेस चालणारी किनारी टपालजहाजांची सेवा १८९३ साली सुरू झाली. आजही ही जहाजे ३४ बंदरांना थांबत जातात आणि जाऊन-येऊन बारा दिवस घेतात. इतक्या उत्तरेला असूनही हा किनारा हिवाळ्यात गोठत नाही, कारण अटलांटिकमधला उबदार प्रवाह त्याला लागून वाहतो. ट्रॉम्सोचे जानेवारीतले सरासरी तापमान उणे चारच्या आसपास राहते. त्याच अक्षांशावरच्या सायबेरियात याहून कितीतरी कडक थंडी असते.

मे आणि जून हे फियॉर्डचे, म्हणजे डोंगरांत खोल शिरलेल्या समुद्राच्या अरुंद खाड्यांचे महिने. डोंगरावरचे बर्फ वितळत असल्याने गायरांगरसारख्या फियॉर्डमधले धबधबे तेव्हा भरून वाहतात. हार्डांगर भागात मे महिन्यात फळबागा फुलतात, आणि घोलवडच्या बागायतदाराने तो बहर आवर्जून पाहावा. बर्गनचा वर्षाचा पाऊस दोन हजार मिलिमीटरच्या वर जातो, पण तो बारा महिन्यांत वाटलेला असतो आणि वसंतापासून उन्हाळ्याच्या आरंभापर्यंतचा काळ त्यातल्या त्यात कोरडा. उत्तरेला नॉर्डकॅपला मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत मध्यरात्रीचा सूर्य दिसतो. जुलैत हवा सर्वांत उबदार, पण युरोपातल्या सुट्ट्यांमुळे गर्दी आणि दर दोन्ही चढलेले.

हिवाळ्यातले नॉर्वे सप्टेंबरच्या अखेरीस सुरू होते आणि मार्चच्या अखेरीस संपते. उत्तर प्रकाशासाठी काळोख, निरभ्र आकाश आणि सूर्याची सक्रियता हे तिन्ही एकत्र यावे लागतात. सध्याचे सौरचक्र २०२४ च्या सुमारास शिखरावर पोचले, त्यामुळे ही काही वर्षे अनुकूल मानली जातात. तरी ढग आले तर काहीच दिसत नाही. संपातांच्या आसपासचे, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबर आणि मार्चमधले दिवस या कामी चांगले. तेव्हा दिवसाही पुरेसा उजेड असतो, त्यामुळे किनाराही पाहून होतो.

जानेवारीच्या अखेरीस आणि फेब्रुवारीत आणखी एक गोष्ट पाहायला मिळते. सूर्य क्षितिजाच्या जरा खाली किंवा जरा वर रेंगाळतो आणि पहाट तासन्‌तास चालते. लोकमान्य टिळकांनी १९०३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’ या ग्रंथात ऋग्वेदातल्या दीर्घ उषेच्या वर्णनांवरून आर्यांच्या ध्रुवीय मूलस्थानाचा सिद्धान्त मांडला होता. तो सिद्धान्त पुढे विद्वानांनी स्वीकारला नाही, पण ज्या लांबलेल्या उषेवर त्यांनी एवढा विचार केला ती पाहण्याची ओढ मराठी वाचकाला वाटली तर तिचे हे महिने आहेत.

हिवाळ्यातला समुद्र मात्र गांभीर्याने घ्यायला हवा. २३ मार्च २०१९ रोजी ‘व्हायकिंग स्काय’ या प्रवासी जहाजाची इंजिने नॉर्वेच्या हुस्टाडविका या खडकाळ पट्ट्यात वादळात बंद पडली. जहाजावर तेराशेहून अधिक माणसे होती. चारशेहून अधिक प्रवाशांना हेलिकॉप्टरने एकेक करून उचलावे लागले आणि मग जहाज बंदरात आणता आले. जीवितहानी झाली नाही. अशी घटना विरळाच, पण उत्तर अटलांटिकचा हिवाळा वादळांचा असतो आणि वादळ आले की बंदरे वगळली जातात. ज्याने आयुष्यात एकदाही जहाजावर रात्र काढलेली नाही त्याने सुरुवात इथून करू नये.

स्वालबार्ड: छोटा मोसम, कडक नियम

नॉर्वेच्या मुख्य भूमीपासून बरेच उत्तरेला, ७८ अंशांच्या आसपास स्वालबार्डची बेटे आहेत. भारताचे ‘हिमाद्री’ हे संशोधन केंद्र २००८ पासून इथल्या नी-ओलेसुंडला आहे. ध्रुवीय अस्वले, वॉलरस आणि समुद्रातले बर्फ पाहण्यासाठी जून ते ऑगस्ट हाच मोसम. जूनमध्ये बर्फ जास्त असल्याने बेटांना पूर्ण वळसा घालणे सहसा जमत नाही. जुलैअखेर ते ऑगस्टमध्ये मार्ग मोकळे होतात. भर जुलैतही तापमान सहा-सात अंशांच्या आसपासच असते. स्वालबार्ड शेंगेन क्षेत्राबाहेर आहे, पण जाण्यायेण्याचा मार्ग नॉर्वेतून असल्याने किमान दोन प्रवेशांचा शेंगेन व्हिसा लागतो. हे लक्षात न घेता अर्ज केला तर परतीची वाट अडते.

अंटार्क्टिका: नोव्हेंबर ते मार्च

अंटार्क्टिकाचा मोसम कसा निवडावा याचे उत्तम उदाहरण मराठी मुलखाच्या शेजारीच आहे. डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी त्या खंडावर उतरली. मोहिमेचे ‘पोलर सर्कल’ हे नॉर्वेचे जहाज बर्फात चालण्यासाठी बांधलेले होते, तरीही मोहिमेने दक्षिणेचा भर उन्हाळाच निवडला, कारण किनाऱ्यापर्यंत पोचू देण्याइतके बर्फ तेव्हाच मोकळे होते. १९८३ मध्ये निघालेल्या तिसऱ्या मोहिमेत नागपुरात जन्मलेल्या सागरशास्त्रज्ञ डॉ. अदिती पंत होत्या. त्या आणि डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता या भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकावर गेलेल्या पहिल्या महिला. या मोहिमांची सूत्रे आज वास्को-द-गामा येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राकडे आहेत.

पर्यटकांची जहाजे बहुधा अर्जेंटिनातल्या उशुआयाहून निघतात आणि ड्रेक सामुद्रधुनी ओलांडून अंटार्क्टिक द्वीपकल्पाकडे जातात. ही सामुद्रधुनी ओलांडायला जाताना सुमारे दोन दिवस आणि येताना तेवढेच लागतात. जगातल्या सर्वांत खवळणाऱ्या पाण्यांत तिची गणना होते आणि उन्हाळ्यातही तिचा भरवसा धरता येत नाही. पर्याय म्हणून चिलीतल्या पुंता अरेनासहून विमानाने किंग जॉर्ज बेटावर उतरून तिथून जहाज पकडता येते, पण तो अधिक खर्चाचा.

नोव्हेंबरमध्ये बर्फ कोरे करकरीत असते आणि पेंग्विन घरटी बांधत असतात. डिसेंबरच्या उत्तरार्धात आणि जानेवारीत पिल्ले अंड्यांतून बाहेर येतात, उजेड वीस तासांच्या आसपास असतो आणि तापमान शून्याच्या थोडे वर. फेब्रुवारी-मार्चमध्ये बर्फ मागे हटलेले असल्याने जहाजे अधिक दक्षिणेला जाऊ शकतात आणि देवमासे सर्वांत जास्त दिसतात, पण पेंग्विनांच्या वस्त्या तोवर चिखलाने आणि विष्ठेने माखलेल्या असतात. प्राण्यांसाठी जायचे असेल तर जानेवारी, निखळ बर्फासाठी नोव्हेंबरचा उत्तरार्ध, देवमाशांसाठी फेब्रुवारी.

आपला मोसम आणि तिथला मोसम

आता हे सगळे आपल्या घरच्या कॅलेंडरवर ठेवून पाहू.

शाळकरी मुले किंवा शिक्षक असलेल्या घराला मेच्या आरंभापासून जूनच्या मध्यापर्यंत मोकळीक असते. मेच्या शेवटच्या पंधरवड्यातली अलास्का किंवा नॉर्वेची सफर या सुट्टीत नेमकी बसते आणि तो तिथल्या उत्तम काळांपैकी एक आहे. दिवाळीच्या सुट्टीत अंटार्क्टिकाचा मोसम नुकताच सुरू होत असतो, पण सुट्टीचे दिवस कमी पडतात. नाताळच्या आठवड्यात तर ते अधिकच अपुरे.

मच्छीमार कुटुंबासाठी जून-जुलैची बंदी हाच मोकळा काळ, आणि उत्तरेकडच्या थंड समुद्रांचा उन्हाळा नेमका तेव्हाच. आपला समुद्र बंद असतो तेव्हा त्यांचा उघडा असतो. तलासरीच्या आतल्या गावांत भातशेती असणाऱ्यांचे जुलैत आवणीत आणि ऑक्टोबरात कापणीत हात गुंतलेले असतात. नंतर गवत कापणीही असते. त्यांना मेअखेर ते जूनचा पहिला आठवडा सोयीचा. चिकूची झाडे थोडीफार बारमाही फळ देतात, पण मुख्य बहराचा काळ हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत. त्यामुळे वाडीवाल्यांनी जूनचा मध्य ते ऑगस्ट पाहावा. निवृत्तांना तारखेचे बंधन नसते. त्यांनी जुलैची गर्दी टाळून मेअखेर किंवा ऑगस्टअखेर जावे. भाडे कमी लागते आणि बंदरावर धावपळ होत नाही.

अंगाची आणि कागदांची तयारी

आपल्याकडे पारा पंधरावर आला की शाली निघतात, तेव्हा पाच अंशांची कल्पनाच अंगावर काटा आणते. खरा त्रास तापमानापेक्षा डेकवरच्या वाऱ्याचा आणि ओलाव्याचा असतो. एकच जाड कोट घेण्यापेक्षा आतून उबदार गंजी, मध्ये लोकर आणि वरून वारा-पाणी अडवणारे जाकीट असे तीन थर घालावेत. चोवीस तास उजेड असणाऱ्या महिन्यांत झोपेसाठी डोळ्यांची पट्टी न्यावी. हिवाळ्यात बंदरातले रस्ते बर्फाने निसरडे होतात. गुडघे दुखणाऱ्यांनी आणि पडण्याची भीती असणाऱ्यांनी हा मोसम टाळलेला बरा. हृदयविकार आणि दमा असणाऱ्यांनी थंड हवेबद्दल आपल्या डॉक्टरांशी आधी बोलावे.

बोट लागते की नाही, हे घराजवळच तपासता येते. हिवाळ्यात मुंबईहून गोवा किंवा लक्षद्वीपच्या बाजूला जाणाऱ्या जहाजावर एक-दोन रात्री काढल्या की अंदाज येतो. केबिन जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर घेतली तर हेलकावे कमी जाणवतात.

कागदांबाबत शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांपासून करता येतो. अमेरिकेच्या व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मिळायला फार वेळ लागू शकतो, म्हणून मेमध्ये जायचे असेल तर तयारी आदल्या वर्षीच्या पावसाळ्यात सुरू करावी. ध्रुवीय सफरीसाठी दुर्गम भागातून रुग्णाला हलवण्याचा खर्च भरून देणारा विमा असल्याशिवाय निघू नये.

तिथल्या माणसांचा आणि निसर्गाचा विचार

महिना निवडताना आपल्या सोयीबरोबर त्या जागेची क्षमताही पाहिली पाहिजे. ग्लेशियर बेमध्ये दिवसाला दोनच मोठ्या प्रवासी जहाजांना प्रवेश आहे. जुनो शहराने २०२४ पासून दिवसाला पाच मोठ्या जहाजांची मर्यादा घातली. अंटार्क्टिकात एका ठिकाणी एका वेळी शंभराहून अधिक प्रवासी उतरत नाहीत आणि पाचशेहून अधिक प्रवाशांची जहाजे कोणालाच उतरवत नाहीत. स्वालबार्डच्या संरक्षित क्षेत्रांत २०२५ पासून दोनशेहून अधिक प्रवासी असलेल्या जहाजांना मज्जाव आहे.

डहाणूकरांना असे नियम परके नाहीत. २० जून १९९१ च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला आणि १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमले गेले. इथल्या वाड्या आणि किनारा टिकवण्यात त्या नियमांचा मोठा वाटा आहे. आपल्या किनाऱ्यासाठी जे मागतो तेच दुसऱ्याच्या किनाऱ्यालाही द्यावे. कमी गर्दीचा महिना आणि लहान जहाज निवडणे हा त्याचा सोपा मार्ग आहे.

निवाडा

पहिल्या सफरीसाठी मेचा शेवटचा आठवडा ते जूनअखेर हा काळ सर्वांत चांगला. त्यात अलास्काचा आतला जलमार्ग किंवा नॉर्वेचे फियॉर्ड निवडावेत. तेव्हा पाणी शांत, उजेड भरपूर, थंडी सोसवेल इतकी आणि पाऊस तुलनेने कमी असतो. दरही जुलैइतके चढलेले नसतात आणि आपल्याकडची सुट्टी जुळते. उत्तर प्रकाश दुसऱ्या सफरीसाठी ठेवावा आणि त्यासाठी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर किंवा मार्च धरावा. समुद्राची सवय झाली की मग जानेवारीत अंटार्क्टिका. ज्यांना आयुष्यात एकदाच जाणे शक्य आहे त्यांनीही खर्चाच्या मोहाने हिवाळ्यातली स्वस्त तारीख घेऊ नये. पैसे आणखी एक वर्ष साठवावेत, पण योग्य महिन्यात जावे.